चढावर मिटणारे हेडलाईट: १९६७ च्या लोटस एलानचं एक प्रकरण

मित्राच्या बाबांची गाडी. १९६७ ची लोटस एलान, सिरीज ३, म्हणजे छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. काका ही गाडी जपून वापरतात, महिन्यातून दोन-तीनदा बाहेर काढतात आणि शक्यतो दिवसाच, त्यामुळे हा प्रॉब्लेम नक्की किती जुना होता ते त्यांनाही सांगता येईना. एका रात्री घरी परत येताना लांब चढ लागला, काकांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला आणि समोरचा उजेड हळूहळू खाली यायला लागला, आधी लांबचा रस्ता दिसेनासा झाला, मग जवळचा, आणि शेवटी बंपरच्या पुढचा एक पट्टा तेवढा उजळलेला राहिला. बल्ब चालूच होते, दिवेच बोनेटमध्ये मिटत चालले होते. चढ संपला, पाय उचलला आणि तीन-चार सेकंदात दोन्ही दिवे परत वर. डावा जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "अरे, हेडलाईटची मोटर गेली बहुतेक, बघतोस का येऊन?"

मी म्हटलं काका, ह्या गाडीत हेडलाईटला मोटरच नाहीये.

आधी थोडं गाडीबद्दल सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. एलान १९६२ ला आली आणि १९७३ पर्यंत बनत होती. मधून कण्यासारखी जाणारी स्टीलची चेसिस, तिच्यावर फायबरग्लासची बॉडी, पुढे १५५८ सीसीचं ट्विन कॅम इंजिन. डिझाईन रॉन हिकमनचं, म्हणजे ज्या माणसानं नंतर सुतारकामाचं ते घडीचं वर्कमेट टेबल काढलं तोच. गाडीचं नाक इतकं खाली आहे की साधे दिवे बसवले असते तर ते नियमातल्या उंचीला पोचले नसते, म्हणून दिवे लपवलेले, लागतील तेव्हा वर येणारे. आणि वर आणायला वीज वापरलेली नाही, इंजिनची ओढ वापरलीये.

पेट्रोल इंजिन सिलिंडरमध्ये हवा ओढतं आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) ती हवा अडवतो, त्यामुळे थ्रॉटल आणि इंजिन यांच्या मधल्या इनटेकमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दाब बराच कमी असतो, तोच व्हॅक्यूम. साधं बरं इंजिन आयडलवर (म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना गेज १७ ते २१ इंच दाखवतं (इंच म्हणजे पाऱ्याचे), इंजिनचा कॅमशाफ्ट जरा रेसिंगच्या धाटणीचा असेल तर त्याहून कमी. पण पाय पूर्ण दाबला, थ्रॉटल सताड उघडला की अडवणूक संपली आणि व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर. म्हणजे इंजिनला सगळ्यात जास्त काम असतं नेमकं तेव्हाच दिव्यांना द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून मधे एक टाकी लागते, आणि टाकीच्या आधी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व, जो हवा इंजिनकडे जाऊ देतो पण उलटी टाकीत येऊ देत नाही. टाकीतून नळी डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून टी होऊन दोन्ही दिव्यांच्या मागच्या डब्यांना. प्रत्येक डब्यात रबरी डायफ्रॅम आणि त्याला रॉड. स्विच ओढला की डब्यातली हवा टाकीकडे ओढली जाते, डायफ्रॅम सरकतो, रॉड दिव्याचा पॉड (दिवा बसवलेलं वरखाली होणारं कवच) वर ढकलतो. स्विच आत दाबला की डब्यात बाहेरची हवा शिरते आणि स्प्रिंग पॉडला खाली घेऊन येते.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काकांच्या गाडीत व्हॅक्यूम दिवे वर धरतो आणि स्प्रिंग खाली ओढते, म्हणजे व्हॅक्यूम गेला की दिवे मिटणार. अमेरिकेत १९६९ पासून नियम आला की उघडलेले लपते दिवे शक्ती गेली तरी उघडेच राहिले पाहिजेत, आणि नंतरच्या बऱ्याच एलानमध्ये मग उलटी रचना आली, स्प्रिंग वर ढकलते आणि व्हॅक्यूम खाली धरतो. तुमच्या गाडीत कुठली रचना आहे ते सगळ्यात आधी बघा, कारण लीकचं लक्षण त्यावर पूर्ण बदलतं, एकात दिवे रात्री मिटतात आणि दुसऱ्यात पार्क केलेल्या गाडीचे डोळे सकाळी आपोआप उघडलेले दिसतात.

ओढ किती असते याचाही अंदाज घ्या. समजा डायफ्रॅमचा व्यास ७५ मिलिमीटर, तर क्षेत्रफळ साधारण ४४ चौरस सेंटिमीटर, आणि १५ इंच व्हॅक्यूम म्हणजे जवळपास अर्धं वातावरण, तर जोर येतो २२-२३ किलोचा. कमी नाहीये. त्यामुळे दिवा अडकून बसला असेल तर हाताने उपटू नका, आधी व्हॅक्यूम सोडा, आणि इंजिन चालू असताना पॉडच्या फटीत बोटं तर अजिबात नकोत.

शनिवारी सकाळी गेलो. आधी इंजिन चालू करून नुसतं बघत बसलो. स्विच ओढला, उजवा दिवा दीड-दोन सेकंदात वर, डावा चार सेकंद घेऊन, मधे एकदा अडखळून. मग दिवे खाली घेतले, टाकी भरायला इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवलं, इंजिन बंद केलं आणि लगेच परत स्विच ओढला. आले वर. खाली घेतले, परत ओढला, दुसऱ्यांदा उजवा पूर्ण आणि डावा अर्ध्यावर. तिसऱ्यांदा दोघंही नुसते हलले.

ही टेस्ट कुठलंही हत्यार न लागणारी आहे आणि तिच्यामागे साधं गणित आहे. समजा टाकी पाच लिटरची, दोन डबे आणि नळ्या मिळून एक लिटर. टाकीत १८ इंच असेल तर एकदा दिवे उचलल्यावर ते सहात वाटलं जाऊन उरतात १५. दुसऱ्यांदा साडेबारा. तिसऱ्यांदा साडेदहाच्या आत. म्हणजे टाकी धड असेल तर इंजिन बंद असतानाही दिवे तीनदा तरी सुस्तपणे का होईना वर यायला हवेत. आमचे दुसऱ्यांदाच अडले.

काकांनी तोपर्यंत दोन नवीन डबे मागवायची तयारी केली होती, ऑर्डर द्यायचीच बाकी. मी थांबवलं त्यांना. ह्या सिस्टिममध्ये लोकांचे पैसे वाया जातात ते इथंच, दिसतो डबा म्हणून बदलतात डबा, मग व्हॉल्व, मग स्विच, आणि शेवटी पहिला डबा चांगलाच होता हे कळतं. हातपंप आणि गेज एकत्र असलेलं एक साधन मिळतं, ब्रेकवाले वापरतात तेच, ते घ्या, चार-पाच प्लग घ्या, आणि सिस्टिमचे तुकडे पाडून एकेक तुकडा मोजा. बस्स.

पण मोजायच्या आधी डाव्या दिव्याचं बघितलं कारण त्याची चाल वेगळी होती आणि दोन लक्षणं एकत्र असली की मन दोघांना एकच कारण चिकटवायला बघतं. डाव्या डब्याचा रॉड पॉडपासून सोडवला, स्प्रिंग काढली आणि पॉड हाताने वरखाली केला. जड. मधे एका जागी करकर करून अडत होता. उजवा तसाच सोडवून बघितला, तो एका बोटाने फिरत होता. म्हणजे डावीकडे डबा-बिबा काही नाही, पिव्होट, म्हणजे पॉड ज्या पिनवर फिरतो तो सांधा, सुकलाय. पिन बाहेर काढली तर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं आणि पिनवर गंजाचा एक कडा. बारीक पॉलिश पेपर मारला, पुसलं, नवीन ग्रीस, परत बसवलं. डावा आता उजव्याच्या बरोबरीनं वर यायला लागला. अर्ध्या तासाचं काम, आणि हे आधी केलं नसतं तर पुढचे सगळे आकडे वाचताना डोक्यात डाव्या डब्यावरचा संशय राहिलाच असता.

आता मोजणी. पहिलं इंजिन. इनटेकवरची नळी काढून गेज थेट तिथं लावला, आयडलवर १६ च्या आसपास, सुई थोडी थरथरत होती. ह्या इंजिनला दोन जुळे वेबर कार्ब्युरेटर आहेत, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा, आणि ओढ त्यातल्या एकाच वाटेवरून घेतलेली असली की ती सलग नसते, धक्क्याधक्क्यानं येते, म्हणून सुई थरथरते. त्यात काही दोष नाही. उलट त्यामुळे नॉन-रिटर्न व्हॉल्वचं महत्त्व वाढतं, कारण दोन धक्क्यांच्या मधे जेव्हा जेव्हा दाब चढतो तेव्हा तेव्हा त्याला मिटायचं असतं.

मग व्हॉल्व. काढून तोंडाने फुंकून बघितला, टाकीकडून इंजिनकडे हवा गेली, उलट दिशेनं... तीही गेली, थोडी, पण गेली. गेजवर लावला तर १५ इंचावरून सुई सरसर खाली, दहा सेकंदात पाचावर. आतली रबरी पाकळी कडक होऊन वाकडी झालेली, इतकी वर्षं पेट्रोलची वाफ खाऊन दुसरं काय होणार. नवीन व्हॉल्व बसवला, बाण इंजिनकडे. (बाण नसेल तर फुंकून दिशा ठरवा, अंदाजाने बसवू नका. उलटा बसला तर दिवे अजिबातच येत नाहीत आणि माणूस दुसरीकडेच शोधत बसतो.)

काका खुश, चला झालं म्हणाले. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं, कारण चढावरच्या लक्षणाला व्हॉल्व अगदी चपखल बसतो, पाय दाबला, इनटेकमधला व्हॅक्यूम पडला, व्हॉल्व मिटला नाही, टाकी इंजिनकडून उलटी भरली, दिवे पडले. पण इंजिन बंद करून केलेली तीनदा उचलायची टेस्ट परत केली तर दुसऱ्यांदा पूर्ण, तिसऱ्यांदा अर्धं. सुधारलं होतं, बरोबर झालं नव्हतं. आणि पाच मिनिटं थांबून ओढला तर एकदाही नीट नाही. व्हॉल्वच्या पलीकडे कुठेतरी गळतंय हे उघड होतं.

इथून पुढे तुकडे पाडत गेलो. दिव्यांकडची बाजू आधी, कारण ती सोपी. डब्याची नळी काढून पंप थेट डब्याला, १५ इंच ओढले, पाच मिनिटं बसलो. उजवा १५ चा १५. डावा साडेचौदा. दोन्ही डबे उत्तम, जे काका बदलणार होते तेच. मग स्विच, तिथं सुई मिनिटाला दीड-दोन इंच उतरत होती, आतली रबरी रिंग सुकलेली. सिलिकॉन ग्रीस लावून दहा-वीसदा आतबाहेर केला आणि तो धरायला लागला. इथं साधं ग्रीस लावू नका, जुनं रबर त्यानं फुगतं आणि वर्षभरात परत तेच.

मग नळ्या. आधीच्या कुणीतरी, काकांच्या आधीच्या मालकाच्या काळात असणार, इंजिन ते टाकी ही नळी बदललेली होती आणि नुसती बघून ती सगळ्यात चांगली वाटत होती, काळी, मऊ, एकही चीर नाही. गेजवर पण धरत होती. मी ती पास करून पुढे जाणार होतो, तेवढ्यात काका इंजिन चालू करून बसले होते म्हणून बोनेटमध्ये सहज नजर गेली, तर वळणावर ती नळी चपटी झालेली. अक्षरशः सपाट, आत हवा जायला फट किती उरली असेल देव जाणे. इंजिन बंद केलं, दोन-तीन मिनिटात हळूहळू परत गोल. पातळ भिंतीची नळी होती ती, आतून दाब सोसायला चालेल अशी, पण आतली हवा ओढली की बाहेरची हवा तिला दाबून टाकते, आणि इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडली की अजूनच. गेजवर ती पास होते कारण ती गळत नाहीच, ती अडवते. चढ संपल्यावर टाकी परत भरायला वेळ लागत होता त्यातला काही भाग ह्या नळीचा. तेव्हा नळ्या तपासताना इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, प्रत्येक वळण डोळ्याने बघा आणि हात लावून बघा. आम्ही सगळ्याच नळ्या जाड भिंतीच्या व्हॅक्यूम होजमध्ये बदलल्या. जुन्या नळ्या चिमट्याने दाबून लीक शोधायचा प्रयत्न करू नका, जी फुटलेली नसते ती फुटते.

एवढं सगळं झालं तेव्हा दुपार झाली होती आणि आता उरली होती फक्त टाकी.

एलानमध्ये टाकी म्हणून वेगळा डबा नाहीये. चेसिसच्या पुढच्या टोकाला जो आडवा भाग आहे, क्रॉसमेंबर, तो पत्र्याचा बंद डबा आहे आणि तोच टाकी. मला ही कल्पना आजही फार आवडते, वजन वाढवायचं नाही, जागा खायची नाही, चेसिसला बंद पोकळ डबा मजबुतीसाठी हवाच आहे तर त्यातच व्हॅक्यूम साठवा. पण त्याच आडव्या डब्याला आणि त्याच्या दोन टोकांवर उभ्या असलेल्या खांबांना गाडीचं पुढचं सगळं सस्पेन्शन धरून आहे.

टाकीची एक नळी बंद केली, दुसरीला पंप. हातपंप छोटा आणि डबा मोठा, मारत राहा, मारत राहा, मनगट दुखायला लागलं तेव्हा सुई १५ ला पोचली. सोडली आणि घड्याळ बघितलं. एका मिनिटात १२. दोन मिनिटात साडेनऊ. पाच मिनिटात ५ वर. प्लग परत तपासला, पंपाचा जोड परत तपासला, पंप एकट्यानं बंद टोकावर लावून बघितला, तो धरत होता. परत तेच. गळत होती ती चेसिसच.

काका शांत झाले. मग म्हणाले, "वेगळी टाकी बसवू या ना एक प्लॅस्टिकची, बोनेटमध्ये जागा आहे. लोक करतात तसं."

करतात, खरंय. क्रॉसमेंबरच्या दोन्ही नळ्या काढायच्या, मधे एक छोटी टाकी टाकायची, दिवे एकदम नव्यासारखे. तासाभराचं काम आणि त्या रात्री काका चढावरून मजेत गेले असते. पण ह्या एका ठिकाणी मी हट्ट धरला. म्हटलं काका, दिवे आपल्याला सांगतायत की पुढच्या क्रॉसमेंबरला भोक आहे. वेगळी टाकी टाकली की हे सांगणारं कुणी राहणार नाही, भोक तिथंच राहील आणि मोठं होत राहील. आणि त्या पत्र्यावर तुमची पुढची दोन्ही चाकं आहेत.

भोक शोधायला व्हॅक्यूम उपयोगाचा नाही, हवा आत जाते तेव्हा दिसत काही नाही. उलटं करावं लागतं. सायकलच्या पंपाने डब्यात अगदी थोडी हवा भरली, गेजवर पाव बारच्या आत. कॉम्प्रेसर लावू नका, बंद पत्र्याच्या मोठ्या डब्याला जास्त दाब देणं धोक्याचं आहे आणि गरजही नसते. गाडी पुढून उचलून स्टँडवर होती, खाली आडवा झालो, भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या शिवणींवर लावत गेलो. मधल्या भागात काही नाही. उजवं टोक, काही नाही. डाव्या खांबाच्या बुडाशी, जिथं खांब आणि डबा जोडलेत त्या खालच्या शिवणीवर, आधी एक बारीक फेसाची रेघ आली, मग ती वाढत वाढत करंगळीएवढी झाली, कोळ्याच्या अंड्यांसारखे पांढरे बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटून फुगत होते. टॉर्च जवळ नेला. वरून काळा रंग अखंड दिसत होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं हलकं खरवडलं तर नखाएवढा पापुद्रा निघाला, मागून तांबड्या गंजाची भुकटी हातावर, आणि मग पत्र्यात तीन टाचणीएवढी भोकं एका ओळीत. बाजूला बोटानं दाबलं तर पत्रा थोडा आत गेला.

काकांना खाली बोलावलं. त्यांनी स्वतः बोटानं दाबून बघितलं आणि परत बाहेर येऊन खुर्चीवर बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी ह्या गाडीत मुलीला गाडी चालवायला शिकवलंय.

गंज तिथंच का आला हेही दिसलं. खांबांच्या बुडाशी पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं बसून डावीकडचं भोक पूर्ण बुजलं होतं. चिखल दगडासारखा झालेला, तारेनं टोकरून काढायला दहा मिनिटं लागली, आणि निघाला तेव्हा मागून चमचाभर तांबडं पाणी आलं. गाडी गेल्या तीन आठवड्यात पावसात गेलेली नव्हती. म्हणजे ते पाणी किती दिवस आत बसून होतं कुणास ठाऊक. ही भोकं वर्षातून एकदा तारेनं साफ करा, एवढं एक काम जर कुणी आधी केलं असतं तर ही चेसिस अजून बरीच वर्षं गेली असती असं मला वाटतं. उजवं भोक मोकळं होतं आणि उजवी बाजू टणक होती.

वेल्डिंग का नाही केलं हे बऱ्याच जणांनी विचारलं. एक तर जिथं भोक दिसतं तिथं आजूबाजूचा पत्रापण पातळ झालेला असतो, वेल्ड धरायला धड कडाच मिळत नाही. दुसरं, बॉडी फायबरग्लासची आहे, ती चेसिसवर असताना इतक्या जवळ ज्योत किंवा ठिणगी म्हणजे आग लावण्यासारखं, त्यामुळे बॉडी उचलावीच लागणार. आणि एकदा बॉडी उचलायचीच असेल तर अर्धवट दुरुस्त केलेल्या चेसिसवर ती परत ठेवायची कशाला. काकांनी दोन दिवस विचार केला आणि नवीन गॅल्व्हनाईज्ड चेसिस घ्यायचं ठरवलं. बॉडी चेसिसला बोल्टने धरलेली असते हे त्या डिझाईनचं मोठं सुख आहे, दमवणारं काम आहे पण अशक्य काही नाही. आम्हाला सगळं धरून चार महिने लागले कारण फक्त रविवार मिळायचे.

जुनी चेसिस बाहेर आल्यावर आम्ही डावा कोपरा कापून आत बघितलं. आतून गंज खालच्या शिवणीच्या कडेनं विताएवढा पसरला होता, बाहेर दिसत होता त्याच्या चौपट तरी. काकांनी तो कापलेला तुकडा गॅरेजच्या फळीवर ठेवलाय.

नवीन चेसिस आली तेव्हा बॉडी चढवायच्या आधी पहिलं काम, क्रॉसमेंबरला पंप. हा क्रम चुकवू नका, कारण नवीन असलं तरी शिवणीत एखादी सूक्ष्म फट राहिलेली असू शकते आणि बॉडी बसल्यावर ती शोधणं म्हणजे परत खाली आडवं होणं. १५ इंच ओढले, प्लग लावले, रात्रभर ठेवलं. सकाळी १४ च्या जरा वर. एका रात्रीत पाऊण इंच जाणं मला चालतं, तापमान बदललं तरी तेवढा फरक दिसतो.

इतर गाड्यांचं थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांकडे एलान नसेल पण हीच पद्धत लागू पडते. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारमध्येही दिवे व्हॅक्यूमवर आहेत, पण तिथं टाकी वेगळी असते आणि डब्याला दोन तोंडं असतात, एका बाजूनं ओढ दिली की दिवा वर, दुसऱ्या बाजूनं दिली की खाली. मधे एक रिले व्हॉल्व असतो जो ओढ इकडची तिकडे फिरवतो. तिथं दोन नळ्या अदलाबदल झाल्या तर दिवे उलटे चालतात, म्हणून सोडवायच्या आधी प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून खूण करा आणि फोटो काढा. डायफ्रॅमपेक्षा रॉड जिथून बाहेर येतो तिथलं सील त्या डब्यांमध्ये जास्त वेळा गळतं, तेव्हा दोन्ही तोंडं वेगवेगळी मोजा, एका बाजूनं धरतो म्हणून डबा पास करू नका. १९७२ पर्यंतच्या मॉडेलांमध्ये वायपर झाकणारं दारही ह्याच व्हॅक्यूमवर चालतं, त्यामुळे लीक वायपरच्या बाजूला असून त्रास दिव्यांना होतो असंही होतं. वायपरची शाखा प्लग करून दिवे सुधारले तर समजायचं काय ते. आणि गाडी उंच ठिकाणी असेल तर लक्षात ठेवा, दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच व्हॅक्यूम कमी मिळतो, तिथं खालच्या गावातले आकडे धरून बसू नका.

काकांच्या गाडीचे शेवटचे आकडे असे. आयडलवर टाकीत १६ इंच. इंजिन बंद करून दिवे चार वेळा पूर्ण वर आले, पाचव्यांदा सुस्त. संध्याकाळी टाकी भरून बंद केलेली गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू न करता स्विच ओढला, दोन्ही दिवे वर, एकत्र, सव्वा दोन सेकंदात.

मग त्याच चढावर गेलो, रात्री, काका चालवत होते आणि मी शेजारी गेज मांडीवर घेऊन, टाकीच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक पातळ नळी आत आणली होती. चढाच्या पायथ्याला १७. काकांनी तिसरा टाकला आणि पाय दाबला, पूर्ण. सुई साडेसोळावर आली आणि तिथंच थांबली. चढ मिनिटभराचा असेल, मी एकदाही मान वर करून रस्ता बघितला नाही, काका मात्र बोलत होते, "दिसतंय, अजून दिसतंय, ते वळण दिसतंय." वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि पुढे जाऊन दोन्ही दिव्यांसमोर नुसते उभे राहिले.

ती टी मी अजून काढलेली नाही. काकांनीच सांगितलं राहू दे म्हणून, आता डॅशखाली एक छोटा गेज कायमचा बसवलाय, आणि दर रविवारी सकाळी गाडी चालू करायच्या आधी ते त्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवतात.